गुहेच्या तोंडाशी

संकटात सापडलेल्या माणसाची बातमी कशी सांगावी, हा प्रश्न आपल्याकडे समीक्षेचा मानला जात नाही. कादंबरीतल्या नायकाचे मरण लेखकाने रंगवले की उरकले ह्यावर आपण पानेच्या पाने लिहितो. पण खरोखरीची माणसे जमिनीखाली अडकली आणि त्यांची हकीकत रोज सकाळ-संध्याकाळ लाखो लोकांपुढे मांडली गेली, तर त्या मांडणीकडे मात्र वर्तमानपत्री मजकूर म्हणून पाठ फिरवतो. आजचा साधारण मराठी वाचक जितक्या कथा वाचतो त्याच्या कितीतरी पट बातम्या वाचतो आणि पाहतो. कथेकडून काय मागायचे हे तो आता बातमीकडूनच शिकू लागला आहे. मी कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी शाळेत शिकवतो. ह्या शिकवणुकीचे परिणाम मला दोन्हीकडे भेटतात. संपादकांनी ह्या अंकासाठी कादंबरीविषयी काही लिहा असे कळवले, तेव्हा विषय मी थोडा वाकडा करून घेतला तो एवढ्यासाठी.

हकीकत थोडक्यात आठवून देतो. २३ जून २०१८ रोजी थायलंडच्या उत्तर टोकाशी, चिआंग राय प्रांतातल्या थाम लुआंग नावाच्या गुहेत एका फुटबॉल संघातली १२ मुले आणि त्यांचा २५ वर्षांचा प्रशिक्षक शिरले. पाऊस कोसळला, आतले पाणी चढले आणि परतीची वाट बुडाली. २ जुलैला रिचर्ड स्टँटन आणि जॉन व्होलँथन ह्या दोन इंग्रज पाणबुड्यांना ती सारी एका उंचवट्यावर जिवंत सापडली. ६ जुलैला हवेच्या टाक्या आत ठेवून परतताना समन कुनान हा थाई नौदलाचा माजी जवान मरण पावला. ८, ९ आणि १० जुलैला चार, चार आणि पाच अशी १३ ही माणसे बाहेर आली. त्या कामात संसर्ग झालेला आणखी एक जवान पुढे डिसेंबर २०१९ मध्ये गेला. त्याची बातमी आपल्याकडे किती जणांनी वाचली असेल, देव जाणे.

आता ह्या हकीकतीचे आपल्या मराठीत काय झाले ते पाहू.

मावळातल्या माणसाला गुहा म्हटले की कार्ले आठवते, भाजे आठवते, बेडसे आठवते. आम्हां परंदवडीकरांना घोरवडेश्वर जवळचा. ही सारी लेणी. माणसाने छिन्नी घेऊन डोंगराच्या पोटात केलेल्या ह्या खोल्या. कोठेही उभे राहा, मान वळवली की दाराचा उजेड दिसतो. आपला काळा पाषाण पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाण्याने मैलोगणती कोरलेली विवरे आपल्या सह्याद्रीत होत नाहीत. चुनखडीच्या डोंगरात ती होतात. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला आम्ल अंश घेऊन फटींत उतरते, लाखो वर्षे दगड खाते, आणि मग कोठे सभामंडपाएवढी पोकळी तर कोठे माणूस आडवा होऊन सरपटेल एवढीच चीर, अशी ती वाट वळत, चढत, उतरत जाते. थाम लुआंगची लांबी सुमारे १० किलोमीटर आहे आणि मुले दारापासून सुमारे चार किलोमीटर आत होती. वाट जेथे खाली उतरते तेथे पाणी साचून ती पूर्ण भरते. अशा भरलेल्या ठिकाणी वर डोके काढायला जागा नसते. बुडी मारली की पलीकडे निघेपर्यंत बुडीच.

हे एवढे कळल्याशिवाय पुढची एकही बातमी कळणे शक्य नव्हते. 'गुहेत अडकली मुले' ह्या शब्दांवर आपला वाचक कार्ल्याचे लेणे डोळ्यांपुढे आणतो आणि मग विचारतो, 'अहो, मग सरळ आत जाऊन का नाही आणत?' आपल्या भाषेत लेणे, गुहा, विवर, भुयार, कपार असे निरनिराळे शब्द आहेत, आणि घळ हाही आहे. पावसाळ्यात शिवथरच्या घळीपाशी धबधब्याच्या आवाजात जो उभा राहिला आहे त्याला त्या शब्दाची ओल ठाऊक आहे. एखाद्या बातमीदाराने दोन वाक्यांत हा फरक सांगितला असता तर पुष्कळ काम झाले असते. माझ्या वाचनात आलेल्या मराठी मजकुरात तो क्वचितच सांगितलेला दिसला. म्हणून मी आजही म्हणेन की त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी छापलेल्या साऱ्या ऐवजात सरस होती ती आकृती: डोंगर उभा कापून दाखवलेला, निळ्या रंगात पाणी, डावीकडे दार, उजवीकडे दूर एका फुगवट्यावर १३ ठिपके, आणि मध्ये अंतरांचे आकडे. त्या आकृतीत विशेषण नव्हते. ती पाहताना छातीवर दडपण येई, आणि ते दडपण आकड्यांनी आणलेले होते.

उलट मथळ्यांकडे पाहा. तीन शब्द पुन्हा पुन्हा येत: थरार, झुंज आणि चमत्कार. पहिल्याबद्दल मी फारसे बोलत नाही. क्रिकेटच्या सामन्यालाही तोच आणि गुहेतल्या मुलालाही तोच, इतका तो झिजला आहे. पण 'मृत्यूशी झुंज' हा प्रयोग ह्या प्रसंगी सरळ खोटा होता. त्या मुलांनी जे केले ते झुंजीच्या अगदी विरुद्ध होते. ती स्वस्थ बसली. छतावरून ठिबकणारे पाणी प्यायली, अंगातली शक्ती राखली, दगडांनी भिंत थोडी थोडी खणत राहिली, आणि पूर्वी काही वर्षे भिक्षू म्हणून मठात राहिलेल्या त्यांच्या प्रशिक्षकाने त्यांना ध्यान करायला लावले. पाण्याखालच्या विवरात तर झुंज म्हणजे मरणच. जो हातपाय झाडतो तो गाळ उठवतो, दोरी हरवतो आणि टाकीतली हवा लवकर संपवतो. त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाचा मोठा गुण म्हणजे कंटाळवाणा वाटेल इतका संथपणा. हा संथपणा सांगायला आपल्या बातमीच्या भाषेत शब्दच उरलेले नाहीत.

चमत्काराची गोष्ट आणखी वेगळी. मुलांना पोहत बाहेर आणले अशी साऱ्या जगाची त्या वेळी समजूत झाली होती. पुढे जे बाहेर आले ते असे: रिचर्ड हॅरिस ह्या ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञाने प्रत्येक मुलाला केटामाइन देऊन बेशुद्ध केले, तोंडावर पूर्ण मुखवटा बसवला, हात पाठीमागे बांधले, आणि पाणबुड्यांनी त्यांना गाठोड्यासारखे पाण्याखालून ओढत नेले, भूल उतरू लागली की वाटेतच पुन्हा सुई टोचत. जागे मूल पाण्याखाली घाबरले तर स्वतः मरेल आणि नेणाऱ्यालाही मारील, हे त्या लोकांनी हिशेबाने ठरवले होते. मूल मेले तर ते आपल्या हातून मेले असे होईल हेही ते डॉक्टर जाणून होते. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिले असते तर आमच्या समीक्षकांनी 'अतिरंजित' असा शेरा मारला असता. त्या वेळी मात्र थाई पंतप्रधानांनी मुलांना चिंता कमी करणारे औषध दिल्याचे तेवढे सांगितले. म्हणजे साऱ्या जगाने ज्या चमत्काराचे पेढे वाटले त्याचा गाभा त्या दिवशी कोणाही बातमीदाराला ठाऊक नव्हता. गाभा ठाऊक नसला म्हणून पानांची संख्या मात्र कमी झाली नाही.

आणि आता किर्लोस्करवाडी. सांगली जिल्ह्यातल्या ह्या गावचा त्या गुहेशी संबंध आला तो पंपांमुळे. भारतीय दूतावासामार्फत किर्लोस्कर कंपनीचे तज्ज्ञ जुलैच्या पहिल्या आठवड्यात थाम लुआंगला गेले. पाणी उपसण्याबाबत त्यांनी सल्ला दिला, आणि गरज पडल्यास विमानाने पाठवण्यासाठी काही पंप किर्लोस्करवाडीला तयार ठेवण्यात आले होते. त्यांतला एक अभियंता सांगलीकडचा. मग काय विचारता! मुले बाहेर आली आणि आपल्या वर्तमानपत्रांना व वाहिन्यांना आपला नायक मिळाला. मराठी माणसाने साता समुद्रांपलीकडे झेंडा लावला, वगैरे वगैरे. कौतुकाला माझी हरकत नाही. परगावी जाऊन चोख काम करणाऱ्या माणसाचे कौतुक करायचे नाही तर कोणाचे करायचे? हरकत आहे ती ही की, त्या कौतुकात काम काय केले ते कोठे सापडत नव्हते.

काम तर सांगण्यासारखे होते, आणि ते समजून घ्यायला आपला वाचक अगदी लायक होता. ज्याने विहिरीवर मोटर बसवली आहे त्याला ठाऊक असते की पंप पाणी ढकलतो पुष्कळ उंच, पण वर बसून खालचे पाणी ओढायचे झाले तर सात-आठ मीटरांच्या पलीकडे त्याची मजल जात नाही. ह्याला कारण हवेचा दाब. कितीही अश्वशक्तीची मोटर लावा, ते बदलत नाही. आता हीच विहीर आडवी, वाकडीतिकडी आणि किलोमीटरभर लांब आहे अशी कल्पना करा. प्रत्येक वळणावर पाइपात घर्षण; वर डोंगरावरून नवे पाणी झिरपतेच आहे; उपसा आणि आवक ह्यांची रात्रंदिवस शर्यत. पाणी हातभर उतरले तर पाणबुड्यांची एक बुडी कमी होते. ही शर्यत किती मोलाची होती ते शेवटी दिसले: १० जुलैला शेवटचा मुलगा बाहेर आल्यानंतर काही तासांतच मुख्य पंप बंद पडला, पाणी भराभर चढू लागले आणि आत आवराआवर करणारी माणसे धावत दाराकडे आली. आमच्याकडे ह्या पंपांच्या कथेऐवजी झेंड्याची कथा छापली गेली.

गंमत अशी की ज्या किर्लोस्करवाडीची स्थापना १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी केली, तेथूनच १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी एक मासिक काढले आणि त्याचे नाव होते 'किर्लोस्कर खबर'. कारखान्याच्या भोंग्याशेजारी निघालेले हे मासिक पुढे मराठीतल्या मोठ्या मासिकांपैकी एक झाले. नांगर आणि पंप करणाऱ्या गावाला लिहिणे ही वेगळ्या जातीच्या माणसांची कला आहे असे वाटत नव्हते. यंत्र कसे चालते हे गोष्टीइतकेच रंजक असते, ही समजूत त्या 'खबर' शब्दात होती. शंभर वर्षांनी त्याच गावाची खबर आली तेव्हा यंत्र गळाले आणि नुसता अभिमान उरला.

ह्याच पाण्याची दुसरी बाजू मला सर्वांत अधिक जवळची वाटली. गुहेतून उपसलेले पाणी जाणार कोठे? ते खालच्या भातखाचरांत गेले. नुकती लावणी झालेली शेते बुडाली. शेतकऱ्यांना सरकारने भरपाई देऊ केली, तेव्हा त्यांतल्या काहींनी ती नाकारली. मुले निघत असतील तर भात पुन्हा लावू, असे त्यांचे म्हणणे. वाचकांपैकी जे मावळातले आहेत त्यांना ह्याचा अर्थ सांगायला नको. ज्या वडगावच्या संशोधन केंद्रात इंद्रायणी भाताचे वाण तयार झाले त्या तालुक्यात जुलैचा पहिला आठवडा म्हणजे काय ते पोराटोरांना कळते. तरवा एकदाच तयार होतो. तो कुजला की दुसरा कोठून आणायचा? आवणीला माणसे पुन्हा कोठून मिळवायची? ज्याने हे सोसून वर पैसे नाकारले त्याचे नाव, गाव, एकरी नुकसान आमच्या बातम्यांत ठळकपणे यायला हवे होते. ते एखाददुसऱ्या ओळीत आले आणि गेले. त्याच आठवड्यात इलॉन मस्क ह्या अमेरिकन धनिकाने छोटी पाणबुडी करून आणली, जी त्या वाटेने जाण्यासारखी नाही म्हणून वापरलीच गेली नाही, आणि पुढे त्याने तेथल्या एका इंग्रज गुहा-अभ्यासकाला जाहीर शिवी दिली. त्या भांडणाला मिळालेली जागा मोजली तर भाताच्या वाट्याला काहीच आले नाही म्हणावे लागेल.

ह्या साऱ्या पसाऱ्यात खरे लेखन म्हणावे असे काही असेल, तर ती मुलांची पत्रे. पाणबुड्यांबरोबर त्यांनी आई-बापांना चिठ्ठ्या पाठवल्या. काळजी करू नका, आम्ही धडधाकट आहोत. बाहेर आल्यावर अमुक खायचे आहे. आणि एकाने तर गुरुजींना उद्देशून लिहिले की फार गृहपाठ देऊ नका. प्रशिक्षकाने पालकांची क्षमा मागितली. शाळामास्तर म्हणून ती गृहपाठाची ओळ वाचताना मी हसलो आणि मग बराच वेळ गप्प बसलो. दहा-बारा दिवस अंधारात काढलेले मूल आपल्याला धीर देते आहे, आणि त्यासाठी त्याने निवडलेला विषय आहे गृहपाठ. माझ्या वर्गातला एखादा पोरगाही हेच लिहील. 'मुले खचली आहेत' किंवा 'मुलांचे मनोधैर्य अभंग' ह्या दोन्ही मथळ्यांपेक्षा त्या चिठ्ठीत अधिक आहे, कारण आत भीती आहे आणि ती लिहायची नाही असे ठरवलेले आहे. संयमाविषयी आम्ही लेखक परिसंवाद भरवतो. त्या परिसंवादांत ही चिठ्ठी वाचून दाखवावी.

सांगणे आणि न सांगणे ह्याविषयी आणखी एका माणसाचे उदाहरण घेतो. ह्या कामाची सूत्रे हाती असलेले राज्यपाल नारोंगसाक ओसातनाकोर्न ह्यांनी सुटकेच्या पहिल्या दिवशी बातमीदारांना गुहेपासून दूर हलवले. कोणती मुले बाहेर आली त्यांची नावे जाहीर केली नाहीत. एवढेच काय, सुरुवातीला पालकांनाही सांगितली नाहीत. ज्यांचे पोर अजून आत आहे त्यांनी इतरांचे पोर सुटलेले पाहत बसावे, हे त्यांना टाळायचे होते. ह्यावर बातमीदार चिडले. कोणी पोलिसांचे बिनतारी संभाषण ऐकून प्रसारित केले, कोणी हेलिकॉप्टरच्या वाटेत ड्रोन उडवला. लोकांना जाणण्याचा हक्क आहे, असे त्यावर सांगितले जाते. असेल. पण कोणाचा कशावर? मी कादंबरीकार म्हणून इतकेच सांगू शकतो की वाचकापासून एखादी गोष्ट राखून ठेवणे दोन प्रकारचे असते. एकात लेखक स्वतःचा भाव वाढवतो. दुसऱ्यात तो पात्राला जपतो. वाहिन्यांचे 'पाहत राहा, थोड्याच वेळात' हे पहिल्या प्रकारचे, आणि राज्यपालांचे मौन दुसऱ्या प्रकारचे. चार मुलांच्या आई-बापांना आपले मूल सुटले हे कळू न देणे ह्यात क्रौर्यही आहेच, ते मी नाकारत नाही. तरी मला त्या क्रौर्यात माणूस दिसतो. हे गृहस्थ २०२३ मध्ये वारले.

बाहेर जमलेल्यांचा हा प्रश्न जुना आहे. १९२५ च्या ३० जानेवारीला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात फ्लॉइड कॉलिन्स हा गुहा शोधणारा एका अरुंद चिरेत पाय दगडाखाली सापडून अडकला. लुईव्हिलच्या एका वर्तमानपत्राचा विशीतला बातमीदार विल्यम मिलर चणीने लहान होता, म्हणून तो त्या चिरेत उतरू शकला. तो एकदा उतरून थांबला नाही; पुन्हा पुन्हा गेला, कॉलिन्सला भरवले, त्याच्याशी बोलला, दगड हलवण्याच्या खटपटीत हात घातला, आणि वर येऊन जे लिहिले ते साऱ्या देशाने वाचले. वर हजारोंची जत्रा भरली. खाद्यपदार्थ विकणारे आले, आठवणवस्तू विकणारे आले. आतली वाट ४ फेब्रुवारीला ढासळली; वरून विहीर खणून १६ तारखेला माणसे पोहोचली तेव्हा कॉलिन्स मेलेला होता. मिलरला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

मिलरकडे मी जेव्हा जेव्हा वळतो तेव्हा माझे मत दुभंगते. त्याच्याइतका प्रामाणिक बातमीदार दाखवणे कठीण. ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन, त्याला घास भरवून त्याने लिहिले. आणि जत्रा भरली ती त्याच्याच लेखनाने. वाईट लिहिले असते तर लोक आले नसते.

बिली वाइल्डरने १९५१ मध्ये 'एस इन द होल' हा चित्रपट काढला तो ह्याच प्रसंगाच्या सावलीत. त्यातले पात्र कॉलिन्सचा आणि त्या पारितोषिकाचा उल्लेखही करते. त्यातला बातमीदार टॅटम गुहेत सापडलेल्या माणसाला लवकर काढता येत असताना मुद्दाम लांबचा मार्ग घ्यायला लावतो, कारण कथा आठवडाभर चालली पाहिजे. आणि शेवटी तो माणूस मरतो. चित्रपट पडला. नाव बदलून 'द बिग कार्निव्हल' केले तरीही पडला. पुष्कळांना तो आज भविष्यवाणी वाटतो. मला तो श्रेष्ठ वाटत असूनही त्यात एक सोय दिसते: वाइल्डरने बातमीदाराला खलनायक केले की प्रेक्षक सुटला. टॅटम दुष्ट, म्हणून जत्रा भरली. खऱ्या मिलरच्या हकीकतीत कोणीच दुष्ट नाही, आणि जत्रा तेवढीच मोठी आहे. ती कादंबरी अधिक अवघड आहे. आपल्याकडे अनुषा रिझवींच्या 'पीपली लाइव्ह'ने (२०१०) हे बरेच साधले. त्यातला नत्था हा शेतकरी कॅमेऱ्यांच्या गराड्यातून निसटून शहरात बांधकामावर मजूर होतो, आणि तेथे त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

ह्या चित्रपटाआधी चार वर्षे, जुलै २००६ मध्ये, हरियाणात कुरुक्षेत्राजवळ एक लहान मूल कूपनलिकेत पडले आणि ते लष्कराने काढीपर्यंत साऱ्या देशाने दोन दिवस दूरचित्रवाणीसमोर काढले. मूल वाचले. त्यानंतर कूपनलिकेत पडलेल्या मुलांची बातमी हा एक साचाच होऊन बसला. कूपनलिकांची तोंडे उघडीच राहिली.

सिलक्याराचे उदाहरण अलीकडचे आहे आणि ते दिवाळीचे आहे. १२ नोव्हेंबर २०२३ ला, लक्ष्मीपूजनाच्या पहाटे, उत्तराखंडातल्या त्या बोगद्याचा भाग ढासळून ४१ मजूर आत राहिले. येथे सरकारनेच वाहिन्यांना सूचना काढली की सनसनाटी करू नका, बोगद्याच्या जवळून थेट प्रक्षेपण करू नका. परदेशी यंत्र मोडले. शेवटचे १०-१२ मीटर उंदरासारखे बीळ खणणाऱ्या मजुरांनी हाताने खणले आणि २८ तारखेला सारे सुटले. ज्या पद्धतीने कोळसा काढायला २०१४ मध्ये बंदी झाली होती तिच्याच कारागिरांचे हार घालून स्वागत झाले. त्यांच्यापैकी एकाचे दिल्लीतले घर फेब्रुवारी २०२४ मध्ये अतिक्रमण म्हणून पाडले गेले. ही दुसरी बातमी पहिलीची पुरवणी म्हणून छापली गेली. मला ती पहिलीचे शेवटचे प्रकरण वाटते.

थाम लुआंगवरच्या चित्रपटांविषयी एक बाब नोंदवतो, कारण ती साहित्याच्या बाजारालाही लागू पडते. 'द रेस्क्यू' (२०२१) हा माहितीपट पाहिला की त्यात पाणबुडे मोकळेपणी बोलतात आणि मुले जवळजवळ नाहीतच. ह्याला कारण कलेचे नाही. मुलांच्या कथेचे हक्क दुसऱ्याकडे गेलेले होते. एकाच गुहेतून बाहेर आलेल्या माणसांच्या हकीकतीचे असे वाटे पडले. पाण्याखालची पुष्कळशी दृश्ये त्याच पाणबुड्यांकडून पुढे टाकीत करून घेतलेली आहेत. तरी तो माहितीपट मला खरा वाटतो, कारण ही माणसे स्वतःविषयी बोलताना शब्द अगदी जपून खर्च करतात. रॉन हॉवर्डच्या 'थर्टीन लाइव्ह्ज'मध्ये (२०२२) नट मोठे आहेत, पण त्यातला मला लक्षात राहिलेला भाग शेतकऱ्यांचा. डोंगरावरचे पाणी वळवायचे तर खाली शेते बुडणार, हे त्यांना विचारले जाते. आमच्या वर्तमानपत्रांनी सोडलेले भात एका हॉलिवुडच्या दिग्दर्शकाने उचलले.

ह्या लेखातली बहुतेक माणसे सुटलेली आहेत. आमच्या भागातली गोष्ट वेगळी. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ची माणसे दोर घेऊन दरीत उतरतात ती पुष्कळदा मृतदेह आणायला. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. पाण्याच्या मध्यावर एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे कोणीतरी मोबाइलवर टिपली, आणि ती चित्रफीत त्या दिवसापासून सारखी फिरत राहिली. ती दाखवताना पार्श्वसंगीत लावणारेही निघाले. पुढच्या वर्षी १५ जूनला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला. चार माणसे गेली. तेथेही आधी चित्रफिती आल्या, मग पुलाच्या वयाची आणि धोक्याच्या फलकाची चर्चा झाली, म्हणजे जे आधी लिहायचे ते नंतर लिहिले गेले. त्या ओढ्यातली माणसे किती क्षण उभी होती ते सारा महाराष्ट्र सांगू शकेल. वर पाऊस पडला की खाली ओढा किती मिनिटांत चढतो, हे त्या चित्रफितीखाली कोणी लिहिले नाही, आणि पुढच्या शनिवारी येणाऱ्याला तेवढेच कळायला हवे होते.

घाटाखाली इर्शाळवाडीला, १९ जुलै २०२३ च्या रात्री, ठाकरांच्या वस्तीवर डोंगर आला. रस्ता नव्हता. यंत्रे वर जाऊ शकली नाहीत, ढगांमुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही. बचावाला गेलेली माणसे पायी चढली आणि कुदळ-फावड्यांनी उकरत राहिली. कॅमेरेही पायीच चढले. खाली उतरलेल्या बातम्यांत पहिल्या दिवशी मंत्री होते, दुसऱ्या दिवशी वाचलेल्या माणसांची तोंडे, तिसऱ्या दिवशी पुनर्वसनाची घोषणा. २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसांचा पत्ता लागला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून वाहिन्यांवर वेगळी बातमी होती, आणि ती वस्ती दरडीखाली तशीच होती.